सी मधून रेगेक्स: मराठी अंकांच्या शेवटी एक तुटका बाइट का येतो?

ओंजळ
नमस्कार. दोन दिवस एका जागी अडकले आहे, म्हणून हा धागा काढतेय.

माझ्याकडे ध्वनिमुद्रणांची एक मोठी सूची आहे, साध्या मजकुराची फाइल, यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत). वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी टंकलेली आहे. एकेक ओळ अशी दिसते:

फीत=११८ कालावधी=४५मिनिटे विषय=वाऱ्याची दिशा
फीत=११९ कालावधी=६० मिनिटे विषय=पाण्याची पातळी

मला प्रत्येक ओळीतून कालावधीचा आकडा काढायचा आहे. प्रोग्रॅम सी भाषेतच लिहायचा आहे आणि ज्या यंत्रावर तो चालणार तिथे वेगळी लायब्ररी टाकायची परवानगी नाही. म्हणून मजकुरात ठरावीक नमुना (रेगेक्स) शोधायला सिस्टिमसोबत येणारं रेगेक्स-डॉट-एच वापरलं. मुख्य भाग एवढाच:

रेगकॉम्प(&आर, "कालावधी=([०-९]+)", रेग_एक्सटेंडेड);
रेगएक्झेक(&आर, ओळ, २, एम, ०);

मग एम[१] मधल्या आरएम_एसओ (सुरुवात) पासून आरएम_ईओ (शेवट) पर्यंतचा तुकडा छापते.

६० च्या ओळीत बरोबर ६० मिळतात. ४५ च्या ओळीत मात्र ४५ आणि त्याला चिकटून एक काळा चौकोन, आत प्रश्नचिन्ह. आरएम_ईओ मधून आरएम_एसओ वजा केलं तर ७ येतात. अंक दोन असताना ७ कुठून आले? ज्या ज्या ओळीत अंक आणि "मिनिटे" यांच्यामध्ये जागा सोडलेली नाही, त्या सगळ्या ओळी अशाच बिघडतात. पॅटर्न तर फक्त अंकच घे म्हणतोय.

जुना_संगणक
आधी दोन गोष्टी सांगा.

एक, दोन्ही फंक्शनांनी काय परत केलं ते तपासताय का? रेगकॉम्प शून्य देतं तेव्हा पॅटर्न नीट कंपाइल झालेला असतो. रेगएक्झेकचंही तसंच, शून्य म्हणजे जुळलं. नवीन माणूस हटकून इथे उलटा 'इफ' लिहितो, कारण शून्य म्हणजे खोटं हे सी मध्ये हाताला बसलेलं असतं. शून्य नसेल तर तो आकडा रेगएररला द्या, ते कारण वाक्यात लिहून देतं.

दोन, 'मेन'च्या सुरुवातीला सेटलोकेल, म्हणजे प्रोग्रॅमची भाषा आणि अक्षरसंच (लोकेल) ठरवणारं फंक्शन, बोलावलंय का?

ओंजळ
तपासलं. दोन्हीकडून शून्यच येतंय, म्हणजे जुळतंय. सेटलोकेल नाही बोलावलेलं. मी तारखा किंवा चलन छापत नाहीये, त्यामुळे त्याची गरज वाटली नाही. अंकांसाठीचं बॅकस्लॅश-डी वापरून पाहावं का?

शून्यान्त
बॅकस्लॅश-डी नको. तो पर्ल भाषेच्या घराण्यातला आहे. पॉझिक्स या मानकाच्या (रेगेक्स-डॉट-एच तेच पाळतं) रेगेक्समध्ये त्याला अर्थच दिलेला नाही आणि ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरची सी लायब्ररी, तो अंक म्हणून ओळखत नाही. पॉझिक्समधला अंकांचा वर्ग, म्हणजे चौकटी कंसातला 'डिजिट', इथे कामाचा नाही. तो फक्त इंग्रजी अंक घेतो, देवनागरी अंक त्यात येतच नाहीत. तुमचा [०-९] हा विचार योग्य आहे, पण तो ज्या लोकेलमध्ये चालतोय तिथे त्याचा अर्थ पार वेगळा होतो. हे जरा सविस्तर लिहितो, कारण बाइट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ही चूक पटत नाही.

सी प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्याचं लोकेल "सी" असतं. तुमच्या टर्मिनलचं लोकेल काहीही असो, सेटलोकेल बोलावेपर्यंत प्रोग्रॅमला त्याचा पत्ता नसतो. आणि "सी" लोकेलमध्ये रेगेक्स इंजिनाच्या लेखी एक बाइट म्हणजे एक अक्षर.

आता बाइट बघा, दशमान आकड्यांत लिहितो:

० = २२४ १६५ १६६
९ = २२४ १६५ १७५
म = २२४ १६४ १७४

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. तुम्ही [०-९] लिहिलं, पण इंजिनाला दिसलं ते असं: २२४, १६५, मग १६६ पासून २२४ पर्यंतची रेंज, मग १६५, मग १७५. तुमची आडवी रेघ शून्याचा शेवटचा बाइट आणि नवाचा पहिला बाइट यांच्यामध्ये पडली आहे! म्हणजे या चौकटी कंसाचा अर्थ झाला "१६५ ते २२४ मधला कुठलाही एक बाइट".

आता ४५मिनिटे वर हे चालवा. ४ चे तीन बाइट बसले, ५ चे तीन बसले. पुढे "म". त्याचा पहिला बाइट २२४, तोही कंसात बसतो, म्हणून इंजिन तो घेतं. दुसरा १६४, तो बसत नाही, म्हणून तिथे थांबतं. सहा अधिक एक, सात. तुमचा काळा चौकोन म्हणजे "म" चा तुटलेला पहिला बाइट. ६० च्या पुढे जागा होती, जागेचा बाइट ३२, तो कंसात बसत नाही, म्हणून ती ओळ वाचली.

ऑफसेट बाइटमध्येच मोजलेले असतात, अक्षरांत नाही. लोकेल नीट झाल्यावर ७ चे ६ होतील, २ होणार नाहीत. ते ६ बरोबर आहेत, कारण छापताना आणि कॉपी करताना तुम्हाला बाइटच लागतात.

ओंजळ
शून्यान्त, किती नेमकं सांगितलंत! लगेच सातवा बाइट छापून पाहिला. आधी उणे ३२ आला आणि मी पुन्हा गोंधळले. मग लक्षात आलं की माझ्या यंत्रावर 'कॅर' चिन्हासकट धरला जातो. 'अनसाइन्ड कॅर' करून छापला, तर २२४. अगदी तुम्ही म्हणालात तोच.

सेटलोकेल(एलसी_ऑल, "") पहिल्या ओळीत घातलं आणि सगळ्या ओळी सुधारल्या. आभार!

ओंजळ
पुन्हा आले. काल संध्याकाळी हाताने चालवलं तेव्हा सगळं ठीक होतं. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी सोय) चाललं आणि सकाळी फाइल उघडली तर तेच काळे चौकोन. प्रोग्रॅम तोच, सूची तीच.

पाटीपेन्सिल
हे होणारच होतं. सेटलोकेलला रिकामी स्ट्रिंग दिली की ते लोकेल भोवतालच्या एन्व्हायर्नमेंटमधून घेतं. टर्मिनलमध्ये तुमचं लॉगिन ते चल भरून ठेवतं. क्रॉन अगदी मोजके चल देतो, त्यात लोकेल बहुधा नसतंच. मग रिकाम्या स्ट्रिंगचा अर्थ पुन्हा "सी" होतो आणि तुम्ही होता तिथे परत येता. कुठे चूकही दिसत नाही, कारण "सी" हे लोकेल वैधच आहे, सेटलोकेल यशस्वीच म्हणतं.

मी असं करतो. एलसी_ऑल ऐवजी फक्त एलसी_सीटाइप लावतो. एलसी_ऑलने दशांशचिन्हही बदलतं, आणि ज्या लोकेलमध्ये दशांशाला स्वल्पविराम असतो तिथे स्ट्रटूडी आणि प्रिंटएफ दोन्ही वेगळं वागू लागतात. रेगेक्ससाठी अक्षरांचा वर्ग पुरतो. त्यानंतर एनएल_लँगइन्फोला कोडसेट, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत, विचारतो. उत्तर यूटीएफ-८ नसेल तर प्रोग्रॅम तिथेच स्पष्ट संदेश देऊन थांबवतो. रात्रभर चुकीचा डेटा लिहीत बसण्यापेक्षा न चाललेला प्रोग्रॅम शंभरपट बरा. मी एकदा तीन महिन्यांचा असा डेटा हाताने दुरुस्त केला आहे, म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय.

क्रॉनच्या फाइलमध्ये वरच एलसी_ऑल ठरवून दिलंत तरी चालेल, पण ती व्यवस्था प्रोग्रॅमच्या बाहेर राहते. उद्या दुसरं कुणी दुसरीकडून चालवलं की पुन्हा तेच.

आणि या विशिष्ट कामासाठी लोकेलशिवायचा मार्गही आहे. चौकटी कंस सोडा, गोल कंस आणि उभी रेघ वापरा:

कालावधी=((०|१|२|३|४|५|६|७|८|९)+)

इथे प्रत्येक पर्याय ही तीन बाइटांची सलग साखळी आहे. इंजिन बाइट-बाइट बघत असलं तरी "म" चा पहिला बाइट एकटा कुठल्याच पर्यायात बसत नाही. "सी" लोकेलमध्येही हे बरोबर चालतं. फक्त कंसांची संख्या एकाने वाढली, त्यामुळे एम ची लांबी ३ करा. तुम्हाला हवा तो आकडा तरीही एम[१] मध्येच असेल.

जुना_संगणक
पाटीपेन्सिल यांच्या शेवटच्या युक्तीला माझा दुजोरा. याच कारणाने "सी" लोकेलमध्ये ०+ असं सुटं लिहिलं तर अधिक चिन्ह शून्याच्या फक्त शेवटच्या बाइटला लागतं. टिंबही एकच बाइट घेतं. देवनागरी अक्षराला काहीही लावायचं तर आधी त्याला गोल कंसात घाला. आणि रेग_एक्सटेंडेड विसरलात तर गोल कंस, अधिक चिन्ह, उभी रेघ ही सगळी साधी अक्षरं धरली जातात. तुम्ही तो दिला आहे, बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

मधली_ओळ
मला एक कळत नाही, एवढी कसरत कशाला? पीसीआरई२ ही पर्लच्या धर्तीवरची रेगेक्स लायब्ररी घ्या. युनिकोड तिच्या हाडात आहे, लोकेलची भानगडच नाही. पीसीआरई२_यूटीएफ हा पर्याय दिला की कोडपॉइंटनुसार, म्हणजे युनिकोडमधल्या एकेका चिन्हानुसार, चालतं. सोबत पीसीआरई२_यूसीपी दिला की बॅकस्लॅश-डी मध्ये देवनागरी अंक आपोआप येतात. स्ट्रिंगची लांबी आपण देतो, त्यामुळे मधे शून्य बाइट आला तरी अडत नाही. चूक झाली तर पॅटर्नमधल्या कितव्या जागी झाली तेही सांगते.

हेडर घेण्याआधी पीसीआरई२_कोड_युनिट_विड्थ ८ असं डिफाइन करायला मात्र विसरू नका. ते राहिलं तर हेडरच कंपाइल होत नाही. आणि जुनी पीसीआरई आता घेऊ नका. तिची शेवटची आवृत्ती ८.४५, २०२१ ची. पीसीआरई२ तर २०१५ पासून आहे.

शून्यान्त
लायब्ररी उत्तम आहे, मीही वापरतो. पण ओंजळ यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की त्या यंत्रावर काही टाकता येत नाही. शिवाय रेगेक्स-डॉट-एच मधून पीसीआरई२ कडे जाताना पॅटर्न जसाच्या तसा उचलून नेता येत नाही. दोन ठिकाणी माणूस हमखास पडतो, ती लिहून ठेवतो.

पहिली: मिनिट|मिनिटे हा पॅटर्न "मिनिटे" वर चालवा. पॉझिक्सचा नियम असा की सर्वांत डावीकडून सुरू होणारं आणि त्यातलं सर्वांत लांब घ्यायचं, म्हणून "मिनिटे" मिळतं. पीसीआरई२ पर्याय डावीकडून क्रमाने बघते आणि जो आधी जुळला तो घेऊन थांबते. तिथे "मिनिट" मिळतं आणि एकाराची मात्रा मागे लोंबत राहते. मात्रा हा वेगळा कोडपॉइंट असल्यामुळे मराठीत हे फारच वेळा होतं. पीसीआरई२ मध्ये लांब पर्याय आधी लिहावा.

दुसरी: गेटलाइनने वाचलेल्या ओळीच्या शेवटी नवीन ओळीचं चिन्ह असतं. पीसीआरई२ मध्ये डॉलर त्या शेवटच्या चिन्हाच्या आधीही जुळतो. पॉझिक्समध्ये रेग_न्यूलाइन दिल्याशिवाय डॉलर स्ट्रिंगच्या अगदी टोकालाच जुळतो. इकडचा प्रोग्रॅम तिकडे नेला की एकही ओळ जुळत नाही किंवा याच्या उलट होतं, आणि माणूस भलतीकडेच शोधत राहतो.

आणि वेळ. याबद्दल मी जरा आग्रही आहे. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्येच अशी पद्धत प्रसिद्ध केली होती की ज्यात इंजिन सगळ्या शक्यता एकत्र पुढे नेतं, एकेक करून मागे फिरत नाही. पीसीआरई२ चं मुख्य मॅचिंग मात्र मागे फिरणारं आहे. बॅकरेफरन्स (आधी जुळलेला तुकडाच पुन्हा शोधणं), मागे-पुढे डोकावणं या सोयी त्यामुळेच मिळतात, पण किंमतही तिथेच मोजावी लागते. ^(क+)+$ हा पॅटर्न घ्या, आणि पंचवीस "क" नंतर एक "ख" असलेली स्ट्रिंग. त्या पंचवीस "क" ना गटांमध्ये वाटण्याचे प्रकार २ चा २४ वा घात, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त. शेवटी "ख" आहे हे कळायला इंजिन ते सगळे प्रकार करून बघतं. एक "क" वाढला की काम दुप्पट.

हे पुस्तकी उदाहरण नाही. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची सेवा जगभर सुमारे २७ मिनिटं कोलमडली, ती अशाच मागे फिरणाऱ्या एका रेगेक्समुळे. पॅटर्नच्या पोटात टिंब-तारा, टिंब-तारा, बरोबरचं चिन्ह, टिंब-तारा असा तुकडा होता आणि सर्व्हरचे प्रोसेसर त्यातच अडकले. त्यांनी स्वतःच त्याचा तपशील प्रसिद्ध केला आहे.

मधली_ओळ
लायब्ररी टाकता येत नाही हे माझ्या नजरेतून निसटलं, माफ करा.

वेळेबद्दल मात्र भर घालतो. पीसीआरई२ त्या धोक्यासमोर उघडी सोडत नाही. मॅच कॉन्टेक्स्टमध्ये मॅच लिमिट ठरवता येतं. न ठरवल्यास ते सहसा १ कोटी असतं. ते ओलांडलं की पीसीआरई२_मॅच काम थांबवून एरर कोड परत देतं. अडचण पुढे असते. न जुळल्याचा कोडही ऋण आणि मर्यादा ओलांडल्याचा कोडही ऋण. बहुतेक जण "शून्यापेक्षा कमी म्हणजे जुळलं नाही" असं लिहून मोकळे होतात. मी ज्या ठिकाणी पूर्वी काम करायचो तिथे एका गाळणीत नेमकं हेच लिहिलेलं होतं. नको असलेले संदेश अडवायचं काम होतं तिचं. लांबलचक संदेश आला की मर्यादा ओलांडायची, कोड ऋण यायचा, आणि गाळणी म्हणायची "जुळलं नाही, जाऊ द्या". कुठलंही दार न फोडता नको ते आत येत होतं. कितीतरी आठवडे हे कुणाला कळलं नाही.

तेव्हापासून मी तीन वाटा वेगळ्या लिहितो: जुळलं, पीसीआरई२_एरर_नोमॅच, आणि बाकी सगळं. बाकी सगळ्यात पीसीआरई२_गेट_एरर_मेसेज बोलावून कारण नोंदवतो. रेगएक्झेकलाही हेच लागू. शून्य, रेग_नोमॅच, आणि मेमरी संपल्याचा रेग_ईस्पेस, हे तिन्ही वेगळे धरा.

ऋण नसून शून्य आलं तर तेही समजून घ्या. जुळलंय, पण तुम्ही दिलेली ऑफसेटांची जागा अपुरी पडली आहे.

सलगपट्टी
माझा प्रश्न इथेच विचारतो, विषय जवळचा आहे. एका ओळीत कालावधी दोनदा येत असेल तर? रेगएक्झेक फक्त पहिला देतं. मी लूप लावला तर प्रोग्रॅम कधी संपतच नाही.

पाटीपेन्सिल
लूपमध्ये पॉइंटर पुढे सरकवावा लागतो. रेगएक्झेकला "इथून पुढे शोध" असं सांगायची पॉझिक्समध्ये सोय नाही. तुम्ही पुढे सरकवलेला पॉइंटर दिला की त्याच्या लेखी तीच नवीन स्ट्रिंग, आणि ऑफसेटही तिथून मोजलेले. मूळ ओळीतली जागा हवी असेल तर आतापर्यंत किती सरकलात ते त्यात मिळवा.

दुसऱ्या फेरीपासून रेग_नॉटबीओएल हा फ्लॅग द्या. नाहीतर पॅटर्नमधलं ^ प्रत्येक फेरीत "ही ओळीची सुरुवात" समजून जुळत राहील.

न संपणारा लूप मात्र बहुधा रिकाम्या मॅचमुळे असणार. तुमच्या पॅटर्नमध्ये अधिक चिन्हाऐवजी तारा आहे का? ताऱ्याला काहीच नसलेलं चालतं. मग आरएम_एसओ आणि आरएम_ईओ सारखेच येतात, पॉइंटर शून्य पावलं सरकतो आणि तुम्ही तिथेच फिरत राहता. दोन्ही सारखे आले तर पॉइंटर स्वतः एका अक्षराने पुढे ढकला आणि स्ट्रिंग संपली का ते बघा. एका अक्षराने, एका बाइटने नव्हे. पुढच्या अक्षराचे बाइट किती ते एमबीलेन सांगतं. बाइटने ढकललंत तर ओंजळ यांचा तुटका "म" तुमच्याकडेही येईल.

सलगपट्टी
तारा होता. अधिक चिन्ह केलं आणि संपला. मनापासून धन्यवाद.

जुना_संगणक
सलगपट्टी, लूपच्या आत रेगकॉम्प नाही ना ठेवलंत? ते बाहेर, एकदाच. पॅटर्न कंपाइल करणं हे महागडं काम आहे, आणि तीच रचना रेगफ्री न करता पुन्हा भरली की आधीची मेमरी हरवते. व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली चालवून बघा, लगेच दिसेल. रेगकॉम्पच अपयशी ठरलं असेल तर मात्र त्यावर रेगफ्री बोलावू नका, आत काय आहे याची खात्री नसते.

एक आठवलं. रेग_नोसब दिला तर एम मध्ये काहीही भरलं जात नाही. फक्त जुळतंय की नाही एवढंच हवं असताना तो वापरावा. नंतर कुणीतरी तुकडे काढायचा कोड जोडतं, फ्लॅग तसाच राहतो, आणि एम मधला आधीचा कचरा ऑफसेट म्हणून वापरला जातो. तसंच, पर्यायी गट जुळलाच नसेल तर त्याच्या दोन्ही जागी उणे १ असतं. वजाबाकी करण्याआधी ते बघा.

थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) वापरणाऱ्यांसाठी: ग्लिबसी एकाच कंपाइल केलेल्या पॅटर्नवर आतून कुलूप लावतं. उत्तर बरोबर येतं, पण थ्रेड एकमेकांसाठी थांबतात. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा पॅटर्न कंपाइल करून दिला तर ते टळतं. पीसीआरई२ मध्ये पॅटर्न सर्वांनी वाटून घेता येतो, मॅच डेटा तेवढा ज्याचा त्याचा हवा.

ओंजळ
काम कुठवर आलं ते सांगते. एलसी_सीटाइप लावलं, कोडसेट तपासला, आणि त्यावर आणखी खबरदारी म्हणून गोल कंसांचा पॅटर्न घेतला. काल रात्री क्रॉनमधून चाललं. ३४०० ओळी, एकही चौकोन नाही.

आकड्याची बेरीज करायची होती, तिथे स्ट्रटोलने शून्य दिलं. त्याला देवनागरी अंक कळत नाहीत. पण शून्यान्त यांनी बाइट लिहून दिले होते त्यावरूनच वाट सापडली. प्रत्येक अंकाचा तिसरा बाइट घ्यायचा आणि त्यातून १६६ वजा करायचे. ० चा १६६, ९ चा १७५. तीन-तीन बाइटांनी पुढे जात राहिलं की झालं. पॅटर्नने फक्त अंकच दिलेत याची आता खात्री आहे, म्हणून हे इतकं सोपं झालं.

एकच प्रश्न उरला. विषयात "वाऱ्या" शोधते तेव्हा डोळ्यांनी दिसणाऱ्या सगळ्या ओळी मिळत नाहीत. साधारण अर्ध्याच मिळतात. वाचायला अक्षर न अक्षर सारखं आहे.

शून्यान्त
बाइट छापून बघा, ऱ्या तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडेल असं वाटतं.

पहिली तऱ्हा: ऱ हा एकच कोडपॉइंट, २२४ १६४ १७७, मग हलन्त, मग य. दुसरी: साधा र, २२४ १६४ १७६, त्याला नुक्ता (खालचं टिंब), २२४ १६४ १८८, मग हलन्त आणि य. युनिकोडच्या दृष्टीने या दोन्ही एकच आहेत, पण रेगेक्स इंजिन तसं मानत नाही. पॉझिक्स काय, पीसीआरई२ काय, कुणीही मजकूर आपणहून सामान्य रूपात आणत नाही. तिसरी: साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), २२६ १२८ १४१, आणि मग य. जुन्या कीबोर्डांवर हीच सवय होती. पडद्यावर तिन्ही सारखे.

पहिल्या दोन युनिकोडच्या एनएफसी या सामान्य रूपाने एक होतात. तिसरी त्यानेही होत नाही, ती स्वतःच बदलावी लागते. शोधण्याआधी ओळ एका ठरलेल्या रूपात आणा: र-नुक्ता दिसला की ऱ, आणि र-हलन्त-जॉइनर दिसलं की ऱ-हलन्त. दोन्ही ठिकाणी नवा मजकूर आधीच्यापेक्षा लांब होत नाही, त्यामुळे त्याच बफरमध्ये जागच्या जागी बदलता येईल. पॅटर्नलाही तेच रूप द्या.

मधली_ओळ
आणि पुढेमागे पीसीआरई२ कडे आलात तर "अक्षर" म्हणून फक्त बॅकस्लॅश-पी आणि एल हा वर्ग देऊ नका. त्यात मात्रा आणि हलन्त येत नाहीत, "मराठी" तला "मर" तेवढा मिळतो. सोबत एम चा, म्हणजे मात्रा-हलन्तांसारख्या चिन्हांचा, वर्ग द्या. जॉइनर या दोन्हींत नाही, तो वेगळा लिहावा लागतो. शब्दातल्या अक्षरांसाठीच्या बॅकस्लॅश-डब्ल्यूवर विसंबू नका, त्यात काय येतं ते आवृत्तीनुसार बदललेलं आहे.

ओंजळ
तिन्ही तऱ्हा सापडल्या! पहिल्या १४०० ओळींमध्ये जवळजवळ सगळीकडे जॉइनर आहे, नंतरच्यांत ऱ, आणि मधल्या एका पट्ट्यात नुक्ता. टंकणारे हात बदलले तसं अक्षर बदलत गेलेलं दिसतं. रूप एक करून पुन्हा शोधलं, डोळ्यांनी मोजलेल्या ओळी आणि प्रोग्रॅमने दिलेल्या ओळी जुळल्या.

आता "कालावधी" हा शब्दच काहींनी "कालावधि" असा ऱ्हस्व लिहिलाय, तो आज दुपारी पॅटर्नमध्ये (ी|ि) घालून घेते.